गाळणी, भिंत आणि खर्ज

गणेशोत्सवाच्या दिवसांत रात्री कल्याणहून बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलच्या दारात उभे राहिले, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. गाडी विठ्ठलवाडी सोडून उल्हासनगरकडे निघाली, की दूरच्या एखाद्या मंडपातून प्रथम फक्त धुम्म धुम्म असे ठोके ऐकू येतात. गाणे कोणते ते कळत नाही. गाडी जवळ गेली की ठोक्यांवर गाण्याची चाल चढते, मग शब्द ऐकू येतात. मंडप मागे पडला की उलटा क्रम सुरू होतो. शब्द जातात, चाल जाते आणि पुन्हा ठोके उरतात. अंबरनाथला तेच, बदलापूरला तेच.

माझे एक शिक्षक मित्र अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी आठ इंच व्यासाचा एक जुना ध्वनिक्षेपक मिळवला होता. त्याचा 'सबवूफर', म्हणजे केवळ खर्जाचा ध्वनिक्षेपक करावा असा त्यांचा विचार होता. त्यांनी विचारले, "याला लो-पास फिल्टर कोणता लावू?" लो-पास फिल्टर म्हणजे कमी वारंवारतेचे ध्वनी पुढे जाऊ देणारी आणि जास्त वारंवारतेचे अडवणारी विद्युत गाळणी. प्रश्न दोन ओळींचा होता, पण उत्तर शोधताना मी शंभर वर्षे मागे गेलो, आणि शेवटी लोकलच्या दारात ऐकलेल्या त्या ठोक्यांपाशी येऊन पोचलो.

सिंधमधून आलेला आवाज

सुरुवात उल्हासनगरपासूनच करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. आजही तेथील पत्त्यांत 'कॅम्प' आणि 'बराक नंबर' असतात. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत आडोसे घालून एकेक कुटुंब राहू लागले. शेजाऱ्याचा आवाज किती ऐकू यावा, हा प्रश्न या गावाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

भारतातील ध्वनिक्षेपकाच्या इतिहासातही एक सिंधी कुटुंब ठळकपणे दिसते. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे विद्युत उपकरणांचा व्यवसाय सुरू केला. तो पुढे कराचीला आणि तेथून मुंबईला आला. नानिक मोटवाने यांच्या काळात या व्यवसायाचे 'शिकागो रेडिओ' हे नाव देशभर झाले. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून राष्ट्रीय सभांना त्यांची ध्वनियंत्रणा असे. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या अनेक जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव वाचता येते. त्या यंत्रणेचे काम एकच होते, वक्त्याचा शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोचवणे. मनुष्याच्या बोलण्यातील अर्थ मुख्यतः ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यात सामावतो. खर्जाची तेथे गरजच नव्हती.

तारेवरची गाळणी

गाळणीची कल्पना मात्र ध्वनिक्षेपकातून आलेली नाही. ती दूरध्वनीतून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लांब अंतराच्या दूरध्वनी तारांवर आवाज क्षीण आणि अस्पष्ट होत असे. ठराविक अंतरावर तारेची वेटोळी, म्हणजे इंडक्टर, बसवली तर हा दोष कमी होतो, असे अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले. पेटंटचा वाद प्युपिनने जिंकला. पण कॅम्पबेलच्या गणिताने एक वेगळीच गोष्ट उघड केली होती. वेटोळी बसवलेल्या तारेतून एका ठराविक वारंवारतेपर्यंतचे संकेत उत्तम जातात आणि तिच्या वरचे जवळजवळ जातच नाहीत.

असे का व्हावे हे मुलांना सांगायचे असेल, तर कल्याणच्या यार्डातील मालगाडी आठवावी. जड वाघिणी एकमेकींना स्प्रिंगच्या बफरने टेकलेल्या आहेत. इंजिनाने एका टोकाला सावकाश ढकलले, तर तो धक्का एकेका वाघिणीतून शेवटपर्यंत जातो. तेच टोक भरभर पुढेमागे हलवले तर पहिल्या एकदोन वाघिणी थरथरतील आणि पुढच्या जागेवरच राहतील. वाघिणीचे वस्तुमान तिला इतक्या लवकर हलू देत नाही आणि मधली स्प्रिंग ती हालचाल पोटात घेते. विद्युतमंडलात वेटोळे वाघिणीचे काम करते आणि धारित्र, म्हणजे कपॅसिटर, स्प्रिंगचे. वेटोळी व धारित्रे यांची साखळी म्हणजेच लो-पास फिल्टर.

१९१५ मध्ये कॅम्पबेलने अमेरिकेत आणि कार्ल विली वाग्नरने जर्मनीत, एकमेकांना न कळत, अशा गाळण्यांची रचना पूर्ण केली. महायुद्धामुळे वाग्नरचे काम काही वर्षे प्रसिद्ध होऊ शकले नाही. या गाळण्यांमुळे एकाच तारेवरून अनेक संभाषणे वेगवेगळ्या वारंवारतांवर पाठवणे आणि दुसऱ्या टोकाला ती वेगळी करणे शक्य झाले. १९३० मध्ये स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश पदार्थवैज्ञानिकाने आणखी एक प्रश्न सोडवला. गाळणीने जे जाऊ द्यायचे ते सर्व सारख्याच प्रमाणात जाऊ द्यावे, त्यात चढउतार नसावेत, यासाठी घटकांच्या किमती कशा निवडायच्या याचे सूत्र त्याने दिले. आज कोणत्याही विक्रेत्याच्या तोंडी असलेला 'बटरवर्थ फिल्टर' तो हाच.

ध्वनिक्षेपकाची कामे वाटली जातात

१९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकातील वेटोळ्याने कागदी शंकू हलवणारा ध्वनिक्षेपक सादर केला. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याचेच वंशज आहेत. लवकरच बोलपट आले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात 'आलम आरा' झळकला आणि पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. मोठ्या सभागृहात शब्दांबरोबर वाद्यमेळ ऐकवायचा, तर एकच शंकू पुरत नाही हे तंत्रज्ञांना दिसू लागले. खर्जासाठी मोठा शंकू हवा, कारण त्याला पुष्कळ हवा ढकलायची असते. टिपेच्या स्वरांसाठी हलका आणि लहान शंकू हवा, कारण त्याला भरभर हलायचे असते. दोघांमध्ये काम वाटून देण्यासाठी दूरध्वनीवाल्यांची गाळणी तयारच होती.

या गाळणीचे दोन गुण निवडावे लागतात. पहिला छेद-वारंवारता, म्हणजे कोठून अडवायला सुरुवात करायची. दुसरा उतार, म्हणजे अडवणूक किती झपाट्याने वाढायची. उतार डेसिबल प्रति सप्तक असा मोजतात. संगीतातल्याप्रमाणेच येथेही वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक होते. सर्वांत साध्या गाळणीचा उतार ६ डेसिबल, दोन घटकांच्या गाळणीचा १२ आणि चार घटकांच्या गाळणीचा २४ असतो.

समजा छेद-वारंवारता ८० हर्ट्झ आहे आणि गाण्यातील पुरुषाच्या आवाजाचा ३२० हर्ट्झचा एक स्वर आपल्याला सबवूफरमध्ये नको आहे. तो ८० पासून दोन सप्तके वर आहे. साध्या गाळणीतून त्याची तीव्रता सुमारे १२ डेसिबलने घटेल, म्हणजे आंदोलनाचा विस्तार एक चतुर्थांश उरेल आणि तो स्वच्छ ऐकू येईल. दोन घटकांच्या गाळणीतून एक सोळांश आणि चार घटकांच्या गाळणीतून एक दोनशेछप्पन्नांश उरेल.

हा नको असलेला स्वर इतका महत्त्वाचा का? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर येते. आपल्या डोक्याच्या मानाने ही लांबी इतकी मोठी आहे, की दोन्ही कानांना पोचणाऱ्या ध्वनीत फारसा फरक पडत नाही आणि आवाज कोणत्या दिशेने आला ते सांगता येत नाही. म्हणून सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. पण त्यातून मानवी आवाज थोडासा जरी निसटला, तरी कान लगेच कोपऱ्याकडे बोट दाखवतो. टॉमलिन्सन हॉलमन यांच्या टीएचएक्स प्रणालीने घरगुती यंत्रणेसाठी ८० हर्ट्झ हा आकडा निवडला, त्यामागे हेच कारण होते.

तांब्याचे वजन

आता माझ्या मित्राचा प्रश्न. त्यांची पहिली कल्पना अशी होती, की वर्धकाच्या तारेत एक वेटोळे आणि एक धारित्र घालून काम भागवावे. गणित करून पाहू. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी, ८० हर्ट्झवर, १२ डेसिबल उताराच्या बटरवर्थ गाळणीला सुमारे २२.५ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि सुमारे १७६ मायक्रोफॅरडचे धारित्र लागते. इतके मोठे वेटोळे जाड तांब्याच्या तारेने गुंडाळले तर ते जड आणि महाग होते. बारीक तारेने गुंडाळले तर त्याचा रोध वाढतो आणि वर्धकाची बरीचशी शक्ती वेटोळे तापवण्यातच जाते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ध्वनिक्षेपकावर '८ ओहम' छापलेले असले, तरी तो सर्व वारंवारतांना ८ ओहम नसतो. शंकूची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. तिच्याजवळ तो आपोआप जोराने डोलतो आणि त्याचा विद्युत विरोध ३० ओहमच्या वरही जाऊ शकतो. ही जागा नेमकी खर्जाच्या पट्ट्यात असते. म्हणजे ८ ओहम गृहीत धरून केलेले गणित जेथे वापरायचे, तेथेच ते चुकते. गाळणी सपाट राहण्याऐवजी एका स्वरावर फुगते, आणि कोणतेही गाणे लावले तरी एकच घुमारा ऐकू येतो.

यावरचा उपाय १९५५ मध्ये मिळाला. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील सॅलन आणि की यांनी वेटोळ्याला पूर्ण फाटा देऊन, फक्त रोध, धारित्रे आणि एक छोटा वर्धक यांच्या साहाय्याने तसाच उतार मिळवून दाखवला. अशी गाळणी शक्तिवर्धकाच्या आधी, दुबळ्या संकेतावर बसवता येते. तेथे तिला ध्वनिक्षेपकाच्या लहरीपणाशी काही देणेघेणे नसते. पुढे आयसी स्वस्त झाले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ४५५८ या क्रमांकाची आयसी बसवलेल्या सबवूफरच्या तयार पट्ट्या मिळू लागल्या. १९७६ मध्ये सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी रस रायली या सहकाऱ्याबरोबर विकसित केलेली रचना प्रसिद्ध केली. त्यांनी दोन बटरवर्थ गाळण्या एकापुढे एक जोडल्या. छेद-वारंवारतेवर सबवूफर आणि मुख्य ध्वनिक्षेपक दोघेही बरोबर निम्मा विस्तार देतात, दोघांची आंदोलने एकाच कलेत असतात, आणि अर्धा अधिक अर्धा मिळून एक होतो. २४ डेसिबल उताराची ही गाळणी आज बहुतेक चांगल्या यंत्रणांत असते.

पेटी हीसुद्धा गाळणीच

येथवर आल्यावर मित्र म्हणाले, "म्हणजे चार घटकांची गाळणी लावली की खर्ज येईल." हा फार सार्वत्रिक गैरसमज आहे. गाळणी काहीही निर्माण करत नाही, ती फक्त काढून टाकते. चहाची गाळणी बारीक केल्याने चहाला रंग चढत नाही. खर्ज देण्याची ताकद शंकूत आणि पेटीत असावी लागते.

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ही गोष्ट फार सुंदर रीतीने मांडली. पेटीत बसवलेला ध्वनिक्षेपक हा स्वतःच एक हाय-पास फिल्टर आहे, म्हणजे खालच्या वारंवारता अडवणारी गाळणी आहे, असे त्यांनी दाखवले. मग तिला विद्युत गाळण्यांचे सगळे गणित लागू करता येते. हा लेख जवळपास दहा वर्षे दुर्लक्षित राहिला. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. तेव्हापासून ध्वनिक्षेपकाच्या पेट्या अंदाजाऐवजी हिशेबाने बनू लागल्या.

बंद पेटीतील ध्वनिक्षेपकाचा आवाज त्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. याचे कारण सोपे आहे. तेवढाच मोठा आवाज निम्म्या वारंवारतेवर हवा असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झवर शंकू १ मिलिमीटर हलत असेल, तर ४० वर ४ मिलिमीटर आणि २० वर १६ मिलिमीटर हलायला हवा. आठ इंची साधा शंकू त्यापूर्वीच फाटेल किंवा त्याचे वेटोळे चुंबकाच्या पकडीबाहेर येईल. म्हणून सबवूफरला वरच्या बाजूने लो-पास गाळणी लागते, तशी त्याच्या आवाक्याखालचे स्वर अडवणारी दुसरी गाळणीही लागते. बाजारातील स्वस्त पट्ट्यांमध्ये नेमकी तीच पुष्कळदा नसते.

भिंतीची गाळणी

१९७४ मध्ये 'अर्थक्वेक' हा अमेरिकी चित्रपट 'सेन्सराउंड' नावाच्या यंत्रणेसह दाखवण्यात आला. भूकंपाच्या दृश्यात मोठे सबवूफर अतिखर्ज गडगडाट निर्माण करत आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरत. पण ज्या इमारतींत शेजारी दुसरे चित्रपटगृह होते, तेथील प्रेक्षक तक्रार करू लागले. त्यांच्या शांत प्रसंगात पलीकडचा भूकंप येत होता.

भिंतसुद्धा लो-पास गाळणीच आहे. ध्वनीच्या दाबाने भिंत अगदी किंचित हलते आणि पलीकडच्या हवेला हलवते. वाघिणीप्रमाणेच तिचे वस्तुमान भरभर हलण्यास विरोध करते. या साध्या नियमानुसार वारंवारता दुप्पट झाली, की भिंतीची अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणून शेजारच्या खोलीतील गाण्याचे शब्द आपल्याला कळत नाहीत आणि ठेका मात्र कळतो. भिंत जितकी हलकी, तितकी ही गाळणी दुबळी. बराकीतला पत्र्याचा किंवा फळीचा आडोसा खर्जाला जवळजवळ काहीच अडवत नाही. लोकलच्या दारातून दूरचे ठोकेच का ऐकू येतात, त्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. मधल्या इमारतींना वळसा घालणे लांब तरंगांना सोपे जाते आणि वरचे स्वर हवेतही अधिक शोषले जातात.

मापकातली गाळणी

या साखळीतील शेवटची गाळणी बहुतेकांना माहीत नसते. ती आवाज मोजणाऱ्या यंत्रात असते. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले, की मंद आवाजात आपला कान खर्जाला बराच बहिरा असतो. त्याला अनुसरून १९३६ च्या अमेरिकी मानकात ध्वनिमापकांसाठी 'ए' भारांकन आले. हे भारांकन ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा करते, १०० हर्ट्झमधून १९, आणि १,००० हर्ट्झमधून काहीच नाही. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांतील सर्व मर्यादा याच 'डेसिबल ए' मापात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना बळ दिले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये पोलिसांना ध्वनिमापक पुरवण्यासह सविस्तर आदेश दिले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच येतात.

'ए' भारांकन मंद आवाजाला योग्यच आहे. ५० हर्ट्झचा ७८ डेसिबलचा ध्वनी कानाला १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबलच्या ध्वनीइतकाच वाटतो. मापक त्याला ४८ म्हणतो, म्हणजे थोडे जास्तच. पण आवाज वाढत गेला की कान खर्जाला बहिरा राहत नाही. ५० हर्ट्झचा १०२ डेसिबलचा ध्वनी ८० डेसिबलच्या ध्वनीइतका मोठा वाटतो, आणि मापक त्याला ७२ म्हणतो. कानाच्या दृष्टीने आवाज ४० वरून ८० वर गेला, यंत्राच्या दृष्टीने तो केवळ २४ डेसिबलने वाढला. मापकातली गाळणी स्थिर असते, कानातली बदलत असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मंडपासमोरच्या घराबाहेर गाण्याचा ८०० हर्ट्झचा भाग ७५ डेसिबल आणि ठेक्याचा ५० हर्ट्झचा भाग ९५ डेसिबल आहे. 'ए' मापात ठेका सुमारे ६५ होतो आणि दोन्ही मिळून मापक जवळजवळ ७५ दाखवतो. भिंत व खिडकी मिळून ८०० हर्ट्झला ३४ आणि ५० हर्ट्झला १० डेसिबल अडवतात असे धरू. घरात गाणे ४१ डेसिबल उरते, ठेका ८५ उरतो. आता तक्रार होते. यंत्रणावाला गाण्याचा आवाज १० डेसिबलने कमी करतो आणि ठेक्याला हात लावत नाही. बाहेरचा मापक ७५ वरून ६८ च्या आसपास येतो. कागदावर मोठी सुधारणा झाली. घरात पडून असलेल्या आजारी माणसासाठी मात्र काहीही बदललेले नाही. त्याच्या छातीवरचे ठोके तितकेच आहेत आणि खिडकीची तावदाने तितकीच वाजत आहेत.

येथे कोणी नियम मोडण्याची युक्ती केली असे समजण्याची गरज नाही. आवाज वाढवणारा गाळणीच्या एका टोकाला उभा आहे, मोजणारा दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या गाळण्या एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. एकीतून फक्त खर्ज जातो, दुसरीतून खर्ज सोडून सर्व काही. यावर उपाय नवा नाही. जवळजवळ सपाट असलेले 'सी' भारांकन बऱ्याच ध्वनिमापकांत असते आणि ते ५० हर्ट्झमधून सुमारे १.३ डेसिबलच वजा करते. खर्जप्रधान गोंगाटासाठी 'ए' माप अपुरे पडते आणि 'सी' माप अधिक योग्य ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनातही म्हटले आहे. दोन्ही मापे घेऊन त्यांतील फरक पाहिला, की ठेका किती आहे ते लगेच कळते. वरच्या उदाहरणात 'सी' माप आधीही ९४ च्या जवळ आणि नंतरही तेवढेच आले असते.

पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले आहे.

वर्गात काय करता येईल

मित्राला मी शेवटी एवढे सांगितले. आधी ध्वनिक्षेपकाची पेटीतली नैसर्गिक वारंवारता मोजा. एक रोध, एक संकेत-जनित्र आणि एक व्होल्टमीटर पुरतो. ती ६५ हर्ट्झच्या आसपास आली, तर ४० हर्ट्झची आशा सोडा. छेद ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा, गाळणी वर्धकाच्या आधी बसवा, उतार २४ डेसिबलचा घ्या. खालून ३५ हर्ट्झच्या आसपास दुसरी गाळणी लावा. आवाजाची पातळी सभागृहात ठरवू नका. शाळेच्या मागच्या घराच्या भिंतीशी उभे राहून ठरवा.

मुलांसाठी दोन प्रयोग सोपे आहेत. पहिल्यात १० किलोओहमचा रोध आणि ०.२२ मायक्रोफॅरडचे धारित्र घेऊन साधी गाळणी करावी. तिची छेद-वारंवारता सुमारे ७२ हर्ट्झ येते. मोबाइलच्या आणि छोट्या वर्धकाच्या मध्ये ती जोडून गाणे ऐकावे आणि धारित्र बदलून फरक टिपावा. शब्द मंदावतील, पण पूर्ण जाणार नाहीत, आणि ६ डेसिबलचा उतार किती सौम्य असतो ते कानालाच समजेल. दुसऱ्या प्रयोगाला काहीच लागत नाही. वर्गात खर्ज नीट देणाऱ्या ध्वनिक्षेपकावर गाणे लावावे, दारे-खिडक्या बंद करावीत आणि मुलांना पाळीपाळीने बाहेर उभे करावे. काय ऐकू येते आणि काय येत नाही ते लिहायला सांगावे. नंतर शेवटचा प्रश्न विचारावा, आत बसलेल्यांना हे कसे कळणार?

माझ्या मित्राच्या वर्गातील एका मुलीने त्याचे उत्तर दिले. ती म्हणाली, "सर, आतल्यांना कळणारच नाही. कोणीतरी बाहेर जाऊन यायला पाहिजे."

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी दर अर्ध्या तासाने दोन मुले शाळेमागच्या गल्लीत जाऊन येत होती.